कारंज्याचा बाजार कोणासाठी?

वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे साठ-सत्तर हजार वस्तीचे गाव. कोणीही पाहुणा आला म्हणजे गावची मोठी मंडळी त्यास चार वेशी दाखवितात, नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान दाखवितात, जैन भट्टारकांच्या गाद्या व जुने ग्रंथभांडार दाखवितात, आणि एका धनिकाने वाड्याच्या चुन्यात कस्तुरी कालविल्याची आख्यायिका रंगवून सांगतात. हे सर्व पाहावे. त्यास आमची हरकत नाही. परंतु गावाबाहेरून धान्याची पोती लादून जो माणूस पहाटे बाजारात येतो, त्याच्याविषयी या कथेत एक अक्षर नसते. कस्तुरी कोणाच्या घामाने विकत आली, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. म्हणून तो आम्ही विचारतो.

कारंज्याची खरी कीर्ती कस्तुरीत नाही, कापसात आहे. देशातील पहिला नियंत्रित बाजार येथे १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने उघडला. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. गिरणीवाल्यास निर्भेळ कापूस बेताच्या भावात हवा होता. त्यासाठी काटा, आवार व नियम आले. १८९७ साली सबंध वऱ्हाडासाठी कापूस व धान्यबाजाराचा कायदा झाला. मागाहून किलिक-निक्सन कंपनीची छोटी गाडी कारंज्यावरून धावू लागली. लोक तिला प्रेमाने शकुंतला म्हणत. पण तिची पोटची माया कापसाच्या गाठींवर होती. मूर्तिजापूर, मुंबई, मँचेस्टर असा तिचा रस्ता. आज ती गाडी बंद आहे, रूळ गवतात निजले आहेत.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. उघड बोली आणि एक वजन यांचा शेतकऱ्यासही उपयोग झाला. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्यापेक्षा हे बरेच बरे होते. परंतु घर बांधणाराने दरवाजा आपल्या सोयीने ठेविला. माल शुद्ध आहे की नाही हे पाहण्यास बाजार बसला. शेतकऱ्याचे पोट भरते की नाही हे पाहण्यास तो बसला नव्हता. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ साली, म्हणजे या बाजाराच्या तीन वर्षे आधी. त्या असुडाचा आवाज कारंज्याच्या आवारात आजही ऐकू यावयास हवा, कारण दरवाजा अद्याप त्याच बाजूस आहे.

आता कापसाची जागा पुष्कळशी सोयाबीनने घेतली. जमीन कोरडवाहू, पीक पावसाच्या हाती, आणि भाव दुसऱ्याच्या हाती. २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात सोयाबीन त्याखाली विकले गेले. २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये जाहीर झाले. आकडा वाढला म्हणून टाळ्या वाजविणारांनी एवढे सांगावे, की जो भाव काट्यावर मिळत नाही तो भाव की भविष्य? समजा, एका शेतकऱ्याची वीस पोती क्विंटलभराची आहेत, आणि हमीभावापेक्षा सहाशे रुपये कमी मिळाले. बारा हजार रुपये गेले. त्यात मुलीचे वर्षाचे शिक्षण होते, की पुढचे बियाणे होते, याचा हिशेब पट्टीवर लिहिलेला नसतो.

सरकारी खरेदीकेंद्र आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे, पण माल बारा टक्क्यांहून ओला म्हणून परत फिरविण्याची तेथे रीत. २०२४ च्या नोव्हेंबरात, निम्मा हंगाम ओसरल्यावर, ती मर्यादा पंधरा टक्के केली. तोवर ज्यास उसनवार फेडावयाची होती, त्याने माल विकून टाकलाही होता. आणि ज्यांच्यापुढे शेतकरी हरतो ते केवळ कारंज्यात बसत नाहीत. खाण्याच्या तेलातील निम्म्याहून अधिक आपण परदेशातून आणतो. कच्च्या तेलावरील आयातकर २०२४ च्या सप्टेंबरात वीस टक्के केला, तो २०२५ च्या मे अखेर दहावर उतरविला. म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडाशी. पूर्वी मँचेस्टर भाव पाडीत असे. आता दिल्लीतील एक कागद ते काम करतो.

अशा वेळी काही विद्वान म्हणतात की, बाजार समितीच मोडा, म्हणजे शेतकरी मोकळा होईल. २०२० साली दिल्लीने कायदे करून तेच आरंभिले, आणि २०२१ साली ते मागे घ्यावे लागले. आम्ही या मोकळेपणास भुलत नाही. खेड्यात दारावर येऊन माल नेणाऱ्याकडे ना बोली असते, ना पट्टी, ना दाद. वाकडा काटा सरळ करावयाचा, की काटाच विहिरीत टाकावयाचा?

पण जे समितीचे कैवारी म्हणवितात, त्यांसही आम्ही सोडणार नाही. पूर्वी आपण शेटजी-भटजींस दोष देत होतो, आणि तो रास्त होता. आज ठिकठिकाणच्या समित्यांच्या खुर्च्यांवर आपल्याच बहुजन समाजातील पुढारी बसले आहेत. तरी कडता कापला जातो, मातर म्हणून वजा होते, आणि ओलाव्याचे यंत्र खरेदीदाराच्या हाती असते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. कुत्रा आपल्या आळीतला आहे म्हणून दळणाऱ्याची भूक भागत नाही. १८ संचालकांत व्यापारी-अडत्यांचे दोन आणि हमाल-मापाऱ्यांचा एक. बाकीचे पंधरा सोसायट्यांचे व ग्रामपंचायतींचे. मग ही बहुसंख्या कोणाच्या बाजूने हात वर करते? २०१७ साली दहा गुंठ्यांच्या धन्यास थेट मत देण्याचे ठरले; २०२० साली ते फिरविले. शेतकऱ्याचे मत म्हणजे मंत्र्याने द्यावे आणि मंत्र्याने घ्यावे, असे खेळणे नव्हे.

आमचे मागणे थोडे आहे. हंगामाच्या पहिल्या दिवशी सरकारी खरेदी बाजाराच्या आवारातच सुरू व्हावी, आणि ओलाव्याची मर्यादा पेरणीपूर्वी जाहीर व्हावी. ओलावा तपासण्याचे यंत्र समितीचे असावे व शेतकऱ्यासमोर चालावे. कडता बंद व्हावा. शेतमाल तारण कर्जाची योजना १९९०-९१ पासून आहे. मालाच्या किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत सहा टक्क्यांनी पैसा मिळतो. ती खेड्याखेड्यांतून सांगावी, म्हणजे गरजेपायी माल मातीमोल जाणार नाही.

आणि शेतकरी बंधूंनो, तुम्हांसही एक सांगणे आहे. समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून गेला म्हणून समृद्धी आपोआप उतरून येणार नाही. घरात शिकलेली मुलगी असेल, मुलगा असेल, तर त्यास बाजारात बरोबर न्या. पट्टीवरची प्रत्येक वजावट त्यास मोठ्याने वाचावयास लावा, आणि जी समजणार नाही तिचा जाब तेथेच, चारचौघांत विचारा. समितीच्या निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या पुढाऱ्यासही हेच विचारा. आपली पट्टी जो वाचू लागला, त्यास लुटणे सोपे नाही. देशाचा पहिला बाजार कारंज्यात विकत घेणारासाठी उघडला. विकणाराचा पहिला बाजारही कारंज्यातच का उघडू नये?