भंगारात देण्याआधी...

दिवाळीची झाडझूड निघाली की माळ्यावरून हमखास खाली येणारी एक वस्तू म्हणजे जुना डीव्हीडी प्लेअर. मुलगा म्हणतो, "दे ना टाकून आई, आता कोण बघतं?" सून म्हणते, जागा अडते. आणि सासूबाई आपल्या अहिराणीत विचारतात, "हाई डबडं कसाले जोयजे?" भंगारवाला दारात उभा असतोच. तो प्लेअर हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतो, चार पैसे टेकवतो आणि गाडीवर टाकून चालू लागतो.

मैत्रिणींनो, माझं मत जरा वेगळं आहे. द्यायचा तर जरूर द्या. पण कपाटात साड्यांच्या घडीखाली जी लग्नाची सीडी पडून आहे, ती चालवणारं घरात दुसरं काही उरलंय का, एवढं आधी बघा. नव्या लॅपटॉपला सीडीची खाच नसते, मोबाईलचा तर प्रश्नच नाही. म्हणजे त्या डबड्याची किंमत भंगाराच्या काट्यावर ठरतच नाही.

आणि सगळे प्लेअर काही एका मापाचे नव्हते. डीव्हीडी 1996 मध्ये जपानात आली. आपल्या भागात मात्र बरीच वर्षं राज्य होतं ते व्हीसीडीचं. एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपासच मावायचं, म्हणून हिंदी सिनेमाच्या दोन-तीन तबकड्या. ऐन रंगात आलं की पोळपाट-लाटणं ठेवून उठायचं आणि सीडी बदलायची! शेजारच्या मालेगावातल्या हौशी मंडळींनी 2000 मध्ये 'मालेगाव के शोले' काढला. त्यांच्यावर 2025 मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा मोठ्या पडद्याचा सिनेमा आला. 2007 च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना आणली, तेव्हा तबकडी भाजीसारखी घरात येऊ लागली. तीच कंपनी 2018 मध्ये अवसायनात निघाली. इतक्या लवकर एक अख्खा जमाना सरला.

तर प्लेअरबद्दल. अगदी पहिले जे आले ते जड, मोठ्या नावाच्या कंपन्यांचे आणि पाच आकडी किमतीचे. चित्र सुरेख, यंत्र दणकट. पण त्यांचे नखरे फार! दुकानातली विकतची डीव्हीडी झकास चालायची, आणि शूटिंगवाल्याने भरून दिलेली लग्नाची सीडी घातली की 'नो डिस्क'. कारण साधं आहे. घरगुती भरलेल्या सीडीवर रंगाचा एक थर असतो, आणि डीव्हीडीचा लाल किरण त्या थरावरून नीट परत येत नाही. त्यासाठी सीडीचा वेगळा किरण लागतो. तो नंतरच्या प्लेअरमध्ये आला, पहिल्या कितीतरी यंत्रांत नव्हताच. आखातातून कोणी आणलेला प्लेअर असेल तर आणखी एक गंमत. तिकडचा विभाग क्रमांक 2, आपला 5. भारतातली विकतची डीव्हीडी तो सरळ नाकारायचा.

मग आले ते दोन-अडीच हजारांचे, पातळ, हलके. घरातल्या पुरुषांनी त्यांना नावं ठेवली, 'चायना माल' म्हणून. पण खरं सांगते, वाचण्याच्या बाबतीत हेच गुणी. ओरखडे पडलेली व्हीसीडी, गाण्यांची एमपीथ्री, नंतर पेनड्राइव्हसुद्धा, जे घालाल ते मुकाट्याने चालवायचे. त्यांचा जीव गेला तो विजेपायी. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत वीज जायची एकदम आणि यायची ती दणका देऊन. त्यात आतली पॉवरची पाटी जळायची. लोक समजायचे, प्लेअरच संपला. पुष्कळदा लेन्स आणि मोटर ठणठणीत असायची.

म्हणून विश्वासाचा कोणता, असं मला विचाराल तर मी मधला सांगेन. 2005 ते 2010 च्या दरम्यानचा, माहितीच्या कंपनीचा, साधा. फार जड नको आणि रंगीत खोक्यातला बिननावाचाही नको. ट्रे बाहेर येत नसेल तर बहुतेक वेळा आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो, ते काम किरकोळ. पॉवरची पाटीही दुरुस्त होते. लेन्सच गेली असेल तर मात्र नाद सोडा, ती मिळायची मारामार आणि मिळाली तरी खर्च परवडत नाही.

जुना विकत घेणार असाल तर घरून तीन तबकड्या न्या: एक विकतची, एक भरलेली आणि एक ओरखड्यांची. सुरुवात बघून खूश होऊ नका, शेवट लावून बघा. तबकडी आतून बाहेर वाचली जाते, आणि थकलेली लेन्स बाहेरच्या कडेलाच अडखळते. दुकानदार घाई करतील, करू द्या. नव्या टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी पिन लागते का, तेही आधीच बघा. नाही तर मध्ये एक छोटी डबी जोडावी लागते.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. आमच्या बचत गटातल्या एक मावशी आहेत. त्यांची मुलगी बाळंतपणात गेली. तिचे फोटो आहेत, पण चालताना, हसताना, बोलताना ती फक्त हळदीच्या सीडीत आहे. प्लेअर पाच-सहा वर्षांपूर्वीच भंगारात गेलेला. मावशींनी सीडी मात्र देवघरात ठेवली होती, नुसती ठेवली होती. गटातल्या एका वहिनींच्या माळ्यावरचा प्लेअर निघाला, त्यात ती लावली. वीसेक मिनिटं चालली आणि मग चित्राचे चौकोन होऊन अडकली. त्या वीस मिनिटांत मुलगी होती, आणि मागे हळदीची गाणी म्हणणाऱ्या चार म्हाताऱ्या होत्या. त्यातल्या तिघी आता नाहीत.

त्या गाण्यांचं मला राहून राहून वाटतं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, गाणी टिपून ठेवली म्हणून त्या 1951 मध्ये गेल्यावर 1952 मध्ये पुस्तक निघालं आणि शेतातली गाणी सगळ्या महाराष्ट्राला मिळाली. आपल्या मावश्या-आत्यांची गाणी कोणी टिपली नाहीत. शूटिंगवाल्याने नवरीवर कॅमेरा धरला होता, त्यात ती चुकून आली, एवढंच. आणि प्लेअर टाकायचा की ठेवायचा हे घरात ठरवतं कोण? ज्याचा त्या सीडीत आवाजही नाही तो!

बरं, नुसता प्लेअर ठेवून भागत नाही. विकतच्या तबकड्या टिकतात, भरलेल्यांचा रंगथर ऊन-उष्म्याने उतरतो. आपल्या खानदेशातला मे महिना, त्यात पत्र्याखालचा माळा! सीडी खालच्या खोलीत, डबीत, उभी ठेवा. वर बॉलपेनने नाव लिहू नका, कागदी लेबल चिकटवू नका. आणि जोवर वाचली जातेय तोवर संगणकावर उतरवून घ्या. एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी लेकीच्या घरी.

आमच्या गटाने आता तो वहिनींचा प्लेअर सगळ्यांसाठी ठेवून घेतलाय. कोणाची कोणती सीडी चालते ते आधी त्यावर बघायचं, चालणारी स्टुडिओत उतरवायला द्यायची, असं ठरलंय. मावशींच्या सीडीचा उरलेला भाग दुसऱ्या एखाद्या लेन्सवर निघतो का, ते बघायला ती सीडी धुळ्याला पाठवली आहे.