घर-अंगण : मेंदी रंगाची भिंत



यंदा बऱ्याच जणांनी विचारलं, "ऑलिव्ह ग्रीन घरात कसा दिसेल?" अहो, आपला मेंदी रंगच तो! छानच दिसतो, पण इथल्या हिवाळ्यात जरा जपून. माझ्या चुकीवरूनच सांगते.

गेल्या वर्षी आई पहिल्यांदा हिवाळ्यात लंडनला येणार होती. तिच्या खोलीच्या चारही भिंतींना मी मेंदी रंग दिला. ऑक्टोबरात खिडकीबाहेरचा मेपल पिवळाधमक होता, त्याच्या उजेडात खोली झकास दिसली. डिसेंबरात आई म्हणाली, "अगं, शेवाळलेल्या विहिरीत बसल्यासारखं वाटतं." खोली उत्तरेकडची. पानं गळलेली, दिवस जेमतेम 8 तासांचा, आणि त्या खिडकीत ऊन येतच नाही. निळसर, थंड उजेडात या रंगातलं पिवळेपण मरतं आणि काळपटपणा उरतो. आई तर दिवसभर तिथेच. मला फार अपराधी वाटलं.

हा रंग कसा बनतो, ते मुलांबरोबर करून बघा. पिवळ्या वॉटरकलरमध्ये किंचित काळा मिसळला की मेंदी छटा येते. किंवा पिवळ्यात थोडा निळा घालून हिरवा करा आणि थेंबभर लाल घालून त्याचा भडकपणा उतरवा. गडद रंग थेंबाथेंबानेच घाला. घातलेला काढता येत नाही. दुकानात मिसळून दिलेल्या डब्याचंही तसंच. म्हणून आधी नमुन्याचा छोटा डबा आणा, मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या आणि तो सकाळी, दुपारी, रात्री दिव्याखाली त्याच खोलीत बघा.

आम्ही मग पलंगामागची एकच भिंत मेंदी ठेवली. बाकीच्या तिन्हींना प्रायमर लावून खादीसारखा पिवळसर पांढरा दिला. दिवे 2700 केल्विनचे, उबदार उजेडाचे लावले. जोडीला पितळी समई, सागवानी पाट आणि विटकरी उशा. हिरव्या लुगड्याला लाल काठ खुलतो ना, तसंच हे!

रंगकाम मात्र खिडक्या उघड्या ठेवता येतात तोवरच उरका.

आई यंदाही येतेय. फोनवर म्हणाली, "ती एक भिंत राहू दे गं. आपल्या अंगणातल्या मेंदीच्या कुंपणासारखी वाटते."

शुभ दीपावली!