चार दिवसांची उसंत, मुलूख कोणता?



व्यापारी माणसाला रजा मागावी लागत नाही, असे नोकरदारांना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. नोकरदार साहेबाकडे अर्ज करतो आणि तो आज ना उद्या मंजूर होतो. व्यापाऱ्याचा साहेब म्हणजे त्याचे दुकान, आणि हा साहेब अर्ज वाचतही नाही. आपल्या बीड जिल्ह्यात दिवाळी येते तीच मुळी कापूस आणि सोयाबीनच्या ऐन आवकेत. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन होते, भगवान महावीरांचे निर्वाण कल्याणक साजरे होते, पाडव्याला मुहूर्ताचा सौदा होतो. त्यानंतर ज्ञानपंचमीला दुकान पुन्हा रीतसर उघडेपर्यंत जी उसंत मिळते, तीच बहुतेक घरांची वर्षातली एकमेव सामुदायिक सुटी. ती कशी वापरावी, किंबहुना ती घेऊन कोणत्या मुलखाकडे जावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

बँकेच्या सेवेत असताना सहकाऱ्यांचे प्रवास मी पुष्कळ पाहिले. रजा प्रवास सवलतीत ठरावीक अंतरापर्यंतचे भाडे मिळे. त्यामुळे कित्येकजण नकाशावर आधी ते अंतर मोजत आणि त्यात बसेल ते सर्वांत दूरचे ठिकाण निवडत. परत आल्यावर त्यांच्या बोलण्यात गाड्यांची, फलाटांची आणि रात्रीच्या जागरणांची वर्णने अधिक असत, पाहिलेल्या स्थळांची कमी. अंतराचा पैसा वसूल होत असे, रजेचा मात्र होत नसे. व्यापारी घरात भाड्याची सवलत नाही, पण दूर जाण्याची हौस तीच आहे. ‘निघालोच आहोत तर’ हे तीन शब्द आपल्या सहलींचे सर्वांत मोठे शत्रू आहेत.

माझ्या परिचयातील बीडच्या एका कुटुंबाचे उदाहरण येथे देतो. मोंढ्यात आडत, शहरात कापडाचे दुकान, तीन भावांचा एकत्र संसार आणि घरात शहात्तर वर्षांच्या मातुःश्री. दिवाळीपूर्वी महिनाभर या घरात ‘कोठे जायचे’ यावर चर्चा चालू होती. थोरल्या बंधूंच्या मनात मारवाड होते. ओसियांच्या सच्चियाय मातेचे दर्शन, राणकपूरचे चौमुख मंदिर आणि जमल्यास पूर्वजांचे गाव. पुण्यात शिकणाऱ्या नातवाला समुद्र हवा होता, म्हणजे कोकण किंवा गोवा. मातुःश्रींनी फक्त एक वाक्य उच्चारले, “मला एकदा शत्रुंजय चढायचा आहे, गुडघे आहेत तोवर.” त्या वाक्यापुढे सगळे गप्प झाले. सुनांना कोणी विचारलेच नव्हते.

मग हिशेब मांडायला मला बोलावले. मी त्यांना तीन प्रश्न लिहून दिले. ते कोणत्याही घराला लागू पडावेत, म्हणून येथे देत आहे.

पहिला प्रश्न वेळेचा. पाडव्याचा मुहूर्त आटोपून दुपारी निघायचे आणि पंचमीच्या सकाळी गादीवर हजर राहायचे, तर मधला जागेपणीचा काळ सुमारे पन्नास तास भरतो. हेच आपले भांडवल. बीडहून राणकपूर रस्त्याने सुमारे हजार किलोमीटर. कुटुंबाची गाडी, लहान मुले आणि थांबे धरून ताशी पन्नास किलोमीटर धरावेत. जायला वीस तास, यायला वीस तास. पन्नासांतले चाळीस तास गाडीत गेले, उरले दहा. पंधराव्या शतकातील ते चौदाशे चव्वेचाळीस खांबांचे मंदिर दहा तासांच्या शिलकीत, थकलेल्या डोळ्यांनी पाहायचे का? आबूची देलवाडा मंदिरे, त्यांतील विमलवसही अकराव्या शतकातली आणि वस्तुपाल-तेजपाल बंधूंची लूणवसही तेराव्या शतकातली. संगमरवरातले ते काम घाईघाईने पाहणाऱ्याला काहीच देत नाही. मारवाडला जावे ते आठ-दहा दिवस काढून, रेल्वेने. माझा ठोकताळा असा आहे की जाण्यायेण्यात भांडवलाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग खर्च होत असेल, तर तो मुलूख त्या सुटीचा नव्हे.

दुसरा प्रश्न ऋतूचा आणि रिवाजाचा. मातुःश्रींच्या इच्छेला कोणीच नकार देणार नव्हते. सर्वांनी पालिताण्याची तयारीही दर्शवली होती. परंतु दिवाळी चातुर्मासात येते. चातुर्मासात शत्रुंजयाची यात्रा बंद असते आणि ती कार्तिकी पौर्णिमेला खुली होते. हे घरातील ज्येष्ठांना ठाऊक असते, पण सुटीच्या तारखा जुळवताना नेमके विसरले जाते. पाडव्यानंतर तेथे गेलो असतो तर तळहटीवरून हात जोडून परतावे लागले असते. ज्या स्त्रीने आयुष्यभर वाट पाहिली तिला पर्वताच्या पायथ्याशी उभे करून मागे फिरवणे, यासारखी दुसरी निर्दयता नाही. शिवाय साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या, वर शेकडो मंदिरे. शहात्तराव्या वर्षी ते चार दिवसांच्या धावपळीत बसवण्याचे काम नव्हे.

म्हणून मी त्यांना सुचवले की यात्रा आणि सहल ही दोन वेगळी खाती आहेत. एकातला खर्च दुसऱ्यात टाकू नये. मातुःश्रींची यात्रा पौष-माघात, थंडीत, एका मुलाने सोबत जाऊन करावी. डोलीची सोय तेथे आहे, पण चढायचे की डोलीत बसायचे हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. अकराजणांच्या गलबल्यात त्यांना ओढू नये. मुख्य म्हणजे ही यात्रा ‘पुढच्या वर्षी पाहू’ या रकान्यात टाकू नये. गुडघ्यांना मुदतवाढ मिळत नसते. त्या संध्याकाळीच मधल्या चिरंजीवांनी तारीख ठरवून रेल्वेचे आरक्षण केले, तेव्हा कोठे पुढची चर्चा मोकळेपणाने झाली.

तिसरा प्रश्न स्वयंपाकघराचा. आपल्या घरांतील सहली बहुधा सुनांच्या खांद्यावरून जातात. आठवडाभर आधी खाखरे, ठेपले आणि पुऱ्या, वाटेत शेगडी, मुक्कामावर सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची धांदल. पुरुष मंडळी सुटीवर जातात आणि स्त्रिया केवळ स्वयंपाकघराची जागा बदलतात. तेव्हा मुलूख निवडताना तेथे आपल्याला चालणारे अन्न सहज मिळते का, हे पाहणे म्हणजे लाड नव्हेत, न्याय आहे. कोकणातही आधी सांगितल्यास शुद्ध शाकाहारी घरगुती भोजन मिळते. परंतु दिवाळीच्या सुटीत तेथील गर्दी, घाटातला प्रवास आणि बीडपासूनचे अंतर पाहता नातवानेच तो आग्रह सोडला.

हे तीन प्रश्न लावल्यावर उरले काय? अगदी जवळचा पर्याय वेरूळचा. तेथील तीस ते चौतीस क्रमांकाची जैन लेणी, विशेषतः इंद्रसभा, प्रत्येक जैन मुलाने पाहिलीच पाहिजेत. कचनेर आणि पैठणही त्याच बाजूस. पण हा एका-दोन दिवसांचा कार्यक्रम आहे. एरवीच्या रविवारीही होण्यासारखा. (मंगळवारी वेरूळ बंद असते, हे मात्र ध्यानात ठेवावे.) मोठ्या सुटीचे भांडवल त्यात घालू नये.

उत्तर शेवटी घरासमोरच्या रस्त्यानेच दिले. बीडवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ दक्षिणेकडे धाराशिव, सोलापूर, विजयपूर करीत हुबळीकडे जातो. आपण त्या रस्त्याने सोलापूरपर्यंत शेकडो वेळा जातो आणि तेथूनच मागे फिरतो. सोलापूरपुढे शंभर किलोमीटरवर विजयपूर, तेथून सव्वाशेच्या आसपास बदामी. बीडपासून एकूण सुमारे चारशे किलोमीटर. जाऊन-येऊन सोळा तास. पन्नासांतले चौतीस हाती उरतात. म्हणजे उत्तर कर्नाटक.

शिवाय एक अडचण परस्पर सुटली. मधे भाऊबीज होती. घरची बहीण सोलापुरात दिलेली. पाडव्याच्या रात्री सगळे तिच्याकडे उतरले, भाऊबीजेच्या सकाळी ओवाळणी झाली आणि दुपारी गाड्या पुढे निघाल्या. धाकट्या सुनेचे माहेर बार्शीचे, तेही वाटेपासून फार दूर नाही. थोरल्या सुनेचे मात्र जालन्याचे, अगदी उलट दिशेला. तिची भाऊबीज हुकली, हे लपवण्यात अर्थ नाही. पंचमीनंतर तिने आठ दिवस माहेरी जावे आणि तोवर तिची कामे इतरांनी वाटून घ्यावीत, असे ठरले. निर्णय चांगला असला तरी त्याची किंमत कोणी ना कोणी देत असते. ती कोणी दिली याची नोंद घरात असली पाहिजे.

आता या मुलखाविषयी. विजयपुरात १६५६ साली पूर्ण झालेला गोलघुमट मुलांना आवडतोच. सहस्रफणी पार्श्वनाथांचे दर्शनही तेथे घेता येते. बदामी ही चालुक्यांची राजधानी. तांबड्या खडकात कोरलेली चार लेणी. त्यांतील तिसरे विष्णूचे, इसवी सन ५७८ चा लेख असलेले. चौथे आणि सर्वांत वरचे आपले, पार्श्वनाथ आणि बाहुबली यांच्या मूर्तींचे. पायऱ्या उंच आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांनी खाली अगस्त्य तलावाच्या काठी भूतनाथ मंदिरापाशी निवांत बसावे. सकाळचा तासभर तेथे कसा जातो ते कळत नाही. माकडांपासून मात्र पिशव्या सांभाळाव्यात.

बदामीपासून बावीस किलोमीटरवर पट्टदकल, १९८७ पासून जागतिक वारसा स्थळ. तेथील विरूपाक्ष मंदिर आठव्या शतकात राणी लोकमहादेवीने बांधविले. ज्याने वेरूळचे कैलास पाहिले आहे त्याला येथे पाऊल ठेवताच ओळख पटते. हे कैलासाचे वडीलधारे आप्त आहे. थोड्या अंतरावर राष्ट्रकूटकालीन जैन मंदिर उभे आहे. ऐहोळेच्या टेकडीवरील मेगुती हे जिनमंदिर इसवी सन ६३४ चे. ते बांधणारा रविकीर्ती कवी होता आणि भिंतीवरच्या संस्कृत लेखात त्याने आपला आश्रयदाता दुसरा पुलकेशी याचे वर्णन केले आहे. नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन ‘महाराष्ट्रकां’चा उल्लेख याच लेखात येतो. महाराष्ट्राच्या नावाचा हा जुना पुरावा आज कर्नाटकात, एका जैन मंदिराच्या भिंतीवर आहे, हे शाळकरी मुलांना तेथे उभे करून सांगावे. पुस्तकातली सनावळी त्यानंतर विसरली जात नाही.

याच परंपरेत पुढे मान्यखेटचा राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष झाला. त्याच्या काळात आचार्य जिनसेन होते आणि ‘गणितसारसंग्रह’ लिहिणारे महावीराचार्यही होते. त्या ग्रंथात मुद्दल, मुदत आणि व्याज यांची उदाहरणे आहेत. नवव्या शतकात व्याजाचे गणित शिकवणारा आपला आचार्य याच मुलखातला, ही गोष्ट एका निवृत्त बँक अधिकाऱ्याला विशेष सुखावते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

राहिला जेवणाचा प्रश्न. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, डाळ, उसळ असे या भागातले रोजचे ताट बीडच्या माणसाला परके वाटत नाही. लिंगायत खानावळी निखळ शाकाहारी असतात. कांदा-लसूण नको असल्यास ‘उळ्ळागड्डी, बेळ्ळुळ्ळी बेड’ एवढे कानडी पुरते; पण ते स्वयंपाक होण्यापूर्वी, सकाळीच सांगावे. कार्तिकात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, म्हणून सायंकाळचे जेवण साडेचारलाच सांगून ठेवावे. परतीच्या दिवशी ऐहोळेहून अकराला निघाल्यास सूर्यास्तापूर्वी सोलापुरात जेवून रात्री नऊपर्यंत बीड गाठता येते.

ज्यांच्याकडे यापेक्षाही कमी वेळ आहे, त्यांना याच महामार्गापासून जवळ कुंथलगिरी आहे. कुलभूषण व देशभूषण मुनींचे ते निर्वाणक्षेत्र, आणि १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली तेही हेच स्थान. आणि ज्यांना दक्षिणेची ओढ लागेल त्यांनी श्रवणबेळगोळ चार दिवसांत उरकू नये. २०१८ चा महामस्तकाभिषेक झाला. बारा वर्षांच्या क्रमाने पुढचा २०३० मध्ये येतो. त्याचे भांडवल आतापासून बाजूला ठेवावे. गोमटेश्वराच्या चरणांपाशी कोरलेले मराठी शब्द आपल्या मुलांना वाचून दाखवण्यासाठी पुरेसा वेळ हाताशी असावा. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाल्याने आपल्या घरांसाठी लांबच्या प्रवासाचे गणितही हळूहळू बदलणार आहे.

माझी विनंती एवढीच. नव्या वर्षाची वही पुजाल तेव्हा तिच्या शेवटच्या पानावर घरातल्या प्रत्येकाला जिथे जायचे आहे त्या मुलखाचे नाव लिहून घ्या. सुनांचे आणि वृद्धांचे नाव आधी. प्रत्येक नावापुढे लागणारे दिवस आणि योग्य महिना मांडा. सगळ्यांची इच्छा एकाच सुटीत पुरी होत नाही, पण लिहिलेली इच्छा येणे बाकी म्हणून उभी राहते. येणे बाकी विसरणारा व्यापारी मी तरी अजून पाहिलेला नाही.