मोठा जनरेटर घ्या म्हणणाऱ्यांस

कॅम्पिंगला जनरेटर कोणता न्यावा, असे विचारले की आमच्या परिचयातले एक जाणकार गृहस्थ ठरलेले उत्तर देतात: मोठा. भटक्या मंडळींत त्यांच्या शब्दाला वजन आहे, नवखे लोक त्यांना विचारूनच दुकानाची पायरी चढतात, म्हणून हे लिहावे लागते आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. ३ केव्हीएच्या खाली बघूच नका. वीज उरली तर कुणाचे काही जात नाही, कमी पडली तर सगळ्यांची पंचाईत. इन्व्हर्टर जनरेटर म्हणजे दुप्पट पैसे मोजून निम्मी वीज घेणे. बॅटरीचे पॉवर स्टेशन म्हणजे मुलांचे खेळणे, संपले की संपले. जनरेटरमध्ये पेट्रोल ओतले की पुन्हा चालू. आणि आवाजाचे म्हणाल, तर रानात ऐकायला आहे कोण?

या शेवटच्या वाक्याने माझे डोके फिरते. त्याचा समाचार सविस्तर घेणारच आहे. आधी बाकीचे उरकतो.

वीज उरली तर कुणाचे काही जात नाही, हे खरे नाही. साधा जनरेटर ५० हर्ट्झची वीज देण्यासाठी मिनिटाला ३००० फेरे घेतो. त्याच्यावर दोन हजार वॉटचा भार असो की एका दिव्याचा. चार दिवे आणि मोबाइलचे चार्जर लावलेला ३ केव्हीएचा जनरेटर रात्रभर जे पेट्रोल जाळतो, ते मुख्यतः स्वतःला फिरते ठेवण्यासाठी. इन्व्हर्टर जनरेटर आधी तयार झालेली वीज डीसी करून घेतो आणि तिच्यातून ५० हर्ट्झची स्वच्छ एसी घडवतो, म्हणून भार हलका असताना त्याच्या इंजिनाला सावकाश फिरता येते. जादा पैसे त्या सावकाशीचे आहेत. ‘निम्मी वीज’ ही तक्रार पाटी नीट न वाचल्यामुळे होते. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ३ केव्हीए म्हणजे २४०० वॉट, आणि पाटीवर ठळक छापलेला आकडा बहुधा काही क्षणांपुरत्या कमाल शक्तीचा असतो, अखंड मिळणाऱ्या शक्तीचा नव्हे. बॅटरी खेळणे आहे की नाही ते पुढे हिशेबात दिसेलच.

आता आवाज.

रानात ऐकायला आहे कोण? पवना धरणाच्या काठी शनिवारी रात्री उभे राहून हा प्रश्न विचारावा. एका बाजूला लोहगड-विसापूर, दुसरीकडे तुंग, तिकोना, आणि मध्ये पाणी. त्या पाण्याच्या कडेने गावे आहेत. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यांची घरे त्या गावांत आहेत. तिथली माणसे पहाटे उठून दूध घालायला, कामावर जातात. पुण्या-मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेल्याला जे ‘रान’ वाटते, ते कुणाचे तरी परसू आहे. ‘ऐकायला कोण आहे’ असे विचारणाऱ्याने त्या माणसांना मोजलेलेच नाही, हा माझा पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप.

पण भावनेची गोष्ट बाजूला ठेवून आकडे पाहू, कारण या गृहस्थांना आकडे आवडतात. पेट्रोल किंवा केरोसिनवर चालणाऱ्या छोट्या जनरेटरच्या ध्वनिशक्तीवर आपल्याकडे ८६ डेसिबलची मर्यादा आहे. ध्वनिशक्ती म्हणजे यंत्रातून बाहेर पडणारा एकूण आवाज. कानाशी येतो तो अंतराप्रमाणे कमी होत जातो. मोकळ्या, सपाट जमिनीवर त्या ८६ चे ७ मीटरवर सुमारे ६१ होतात. पुढे दर वेळी अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल उतरतात: १४ मीटरवर ५५, २८ वर ४९, ५६ वर ४३. आता ध्वनिप्रदूषण नियम, २००० उघडावेत. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा त्यांत आहे. म्हणजे सगळ्या नियमांत बसणारा, नवाकोरा, सायलेन्सर शाबूत असलेला जनरेटरसुद्धा झोपलेल्या माणसापासून चाळीस-पंचेचाळीस मीटरच्या आत ठेवण्याच्या लायकीचा नाही. पवनाकाठच्या तंबूंत तेवढे अंतर कुठे असते? तिथे एका तंबूची दोरी दुसऱ्याच्या खुंटीला लागते. शेजारच्यानेही जाणकारांचा सल्ला मानून तसलेच यंत्र आणले, की आणखी ३ डेसिबल वाढले.

आणि हे सपाट जमिनीचे गणित झाले. सह्याद्रीत सपाट जमीन कुठे आहे? कड्यावरून आवाज परत फिरतो. त्यातून रात्रीची एक गोष्ट दिवसा आवाज तपासणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. सूर्य मावळल्यावर जमिनीलगतची आणि पाण्यालगतची हवा आधी थंड होते, वरची तुलनेने उबदार राहते. अशा वेळी वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि दिवसापेक्षा कितीतरी लांब जातो. समोरच्या काठावरचे बोलणे रात्री इथे ऐकू येते ते यामुळेच. दुपारी तंबू ठोकताना ‘फारसा नाही हो आवाज’ म्हणून जो जनरेटर लांब ठेवला, तोच रात्री अकराला अख्ख्या खोऱ्याच्या उशाशी येऊन बसतो.

माणसांखेरीजही ऐकणारे आहेत. भंडारदऱ्याला, राजमाचीला लोक काजवे पाहायला जातात ते मेअखेरीपासून जूनपर्यंत, म्हणजे नेमके बेडूक ओरडू लागतात तेव्हा. बेडकाची हाक ही नराने मादीला घातलेली साद असते. काजव्यातही नर उडताना प्रकाशाची खूण करतो आणि झुडपातली मादी उत्तर देते. घुबड अंधारात उंदराची खसफस ऐकून झडप घालते. या सगळ्यांचा संसार आवाज आणि अंधार यांवर चालतो, आणि आपण तिथे ३ केव्हीएचे यंत्र आणि त्या यंत्राला काहीतरी काम हवे म्हणून हॅलोजन घेऊन जातो. काजवे पाहायला जाऊन हॅलोजन लावणाऱ्यांना काय म्हणावे, हे मला आजवर सुचलेले नाही. मोठ्या जनरेटरचा खरा दोष इथे आहे. उरलेली वीज उरत नाही. ती आपले काम शोधते. आधी दिवा मोठा होतो, मग स्पीकर येतो, मग मिक्सर.

हा वाद नवा नाही. मंडपातल्या स्पीकरच्या भिंतींवरून, वरातीतल्या डीजेवरून आपण तो वर्षानुवर्षे घातला आहे, आणि दर वेळी समोरचा हेच म्हणतो की एक दिवसाने काय होते. दर शनिवारी कुणाचा तरी एक दिवस असतो. गावातल्या माणसाचे मात्र सगळे शनिवार जातात.

मला वाटते, ‘मोठा घ्या’ ही वृत्ती भारनियमनाच्या काळातली आहे. २००५ नंतरची ती वर्षे ज्यांनी महाराष्ट्रात काढली, त्यांना दुकानादुकानापुढे फुटपाथवर धडधडणारी ती यंत्रे आठवतील. तेव्हा दुकानदाराची गरज खरी होती: फ्रीज, पंखे, झेरॉक्सचे यंत्र, सगळे तासन्‌तास चालवायचे. मोटरला सुरू होताना चालू भाराच्या कैकपट करंट लागतो, म्हणून तिथे क्षमता जादा धरणे शहाणपणाचे होते. तोच ठोकताळा तंबूला लावणे हे शहाणपण नव्हे. तंबूत झेरॉक्स काढायच्या नसतात.

उलट टोकाच्या मंडळींशीही माझे भांडण आहेच. ‘वीज लागते तो भटक्याच नव्हे’ म्हणणारा पंथ जुना आहे. त्यांनी झोपेत सीपॅप यंत्र लावावे लागणाऱ्या माणसाला एकदा हे तोंडावर सांगून पाहावे. श्वासाच्या त्रासामुळे ज्याने वीस वर्षे डोंगर सोडला, तो एका बॅटरीच्या जोरावर राजमाचीला मुक्कामाला येत असेल तर त्याचे स्वागत करावे. वीज नेणे हा गुन्हा नाही. आपली वीज दुसऱ्याच्या कानावर आणि डोळ्यांवर लादणे हा आहे.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल आमचे जाणकार कधी बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि तो झोपेतच माणूस मारतो. जनरेटर तंबूपासून निदान २० फूट दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, धूर तंबूकडे येणार नाही असा. पाऊस आला म्हणून ताडपत्रीखाली, तंबूच्या तोंडाशी किंवा गाडीच्या डिकीत चालू जनरेटर घेणे म्हणजे मरणाला आत बोलावणे. मोठे, जड यंत्र पावसात पटकन दूर हलवता येत नाही, हे मोठे घेणाऱ्याने आधी लक्षात घ्यावे.

मग घ्यावे काय? आधी कागदावर लिहावे. आठ माणसांचा एका रात्रीचा मुक्काम धरू. ५००० एमएएचचा मोबाइल पूर्ण भरायला सुमारे २० वॉट-तास लागतात, आठांचे १६०. पाच वॉटचे चार एलईडी दिवे पाच तास, १००. कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या आणि हेडटॉर्च मिळून ४०. बेरीज ३००, रूपांतरात वाया जाते ते धरून ३५० ते ३७५. हे ५०० वॉट-तासांच्या पॉवर स्टेशनात बसते, आणि ते घरून भरून नेता येते. आवाज नाही, धूर नाही, पेट्रोलचा डबा नाही. सीपॅप असेल तर त्यातला हीटर बंद ठेवावा; मग यंत्र बहुधा ५० वॉटच्या आतच चालते, आणि त्याच्यासाठी वेगळी बॅटरी राखून ठेवावी, ती मोबाइलवाल्यांच्या हाती देऊ नये. किटली आणि इंडक्शन १५००-२००० वॉट मागतात; सगळ्या मोठ्या जनरेटरांची विक्री या दोन वस्तूंवर चालते. चहा गॅसच्या शेगडीवर करावा.

एका गोष्टीत जाणकारांचे बरोबर आहे: बॅटरी संपते, आणि जूनमध्ये सह्याद्रीत सौर पॅनेलवर विसंबता येत नाही. तीन-चार दिवसांचा मुक्काम असेल तर १ केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर न्यावा आणि तो दिवसा, लोक जागे असताना, तास-दीड तास चालवून बॅटरी भरून घ्यावी. पटकन भरणारे ५०० वॉट-तासांचे स्टेशन तेवढ्यात बरेचसे भरते. रात्री जनरेटर बंद. पेट्रोल धातूच्या डब्यात, सावलीत, चुलीपासून दूर. आणि ओतायचे ते इंजिन गार झाल्यावर. परतल्यावर टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवावे, नाहीतर इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आत महिनोन्‌महिने राहून पुढच्या मोसमात दोरी ओढून हात दुखतील, यंत्र चालू व्हायचे नाही.

आणि खरेदीच्या वेळी पत्रकावरच्या डेसिबलवर जाऊ नका. तो आकडा बहुधा ७ मीटरवरचा आणि पाव भाराचा असतो. ध्वनिशक्तीच्या आकड्याशी त्याची तुलना होत नाही. दुकानदाराला यंत्र रस्त्यावर काढायला सांगा, तुम्ही कॅम्पवर लावणार आहात तेवढाच भार त्याला लावायला सांगा, मग वीस पावले मागे जाऊन पाठ फिरवून उभे राहा आणि सोबत्याशी हळू आवाजात बोलून पाहा. त्याचे ऐकू आले नाही तर ते यंत्र घेऊ नका. दुकानदार यंत्र चालू करून दाखवायला तयार नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.