विश्लेषण : घरी बनवलेल्या मोटारीला नंबरप्लेट का मिळत नाही?

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातील सुट्या भागांतून छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले. पण ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, असेही सांगितले. अखेर जीपच्या बदल्यात कारागिराला नवी बोलेरो मिळाली.

अडचण काय?
मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ३९नुसार नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. त्याआधी केंद्रीय नियम १२६प्रमाणे उत्पादकाला नमुना गाडी पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. कंपनी हा खर्च हजारो गाड्यांवर वाटते. एकच गाडी बनवणाऱ्याला तो एकट्यानेच सोसावा लागेल. तयार गाडीत मनाजोगते बदल करण्यावरही कलम ५२चे निर्बंध आहेत.

ब्रिटनमध्ये काय होते?
तेथे सुटे भाग विकत घेऊन घरीच मोटार जोडण्याची जुनी परंपरा आहे. १९५७मध्ये आलेली ‘लोटस सेव्हन’ सुट्या भागांत घेतली की खरेदी कर वाचत असे. आज अशा प्रत्येक गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, सीटबेल्ट आणि धूर सरकारी केंद्रात तपासले जातात. गाडी उत्तीर्ण झाली की नोंदणीचा मार्ग मोकळा होतो.

मग फरक कुठे?
सुरक्षेचा आग्रह दोन्हीकडे आहे. मात्र ब्रिटनमध्ये एकेक गाडी तपासण्याची सोय आहे; भारतात घरगुती गाडीसाठी तशी परवडणारी वाट नाही. ती निघेपर्यंत अशी जीप खासगी आवारातच फिरणार.