वेगाचा आरसा

मुळा नदीच्या काठचे राहुरी हे तालुक्याचे गाव नगर-मनमाड महामार्गावर वसलेले आहे. शिर्डीला जाणारे यात्रेकरू, कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी, बाजारासाठी आलेले शेतकरी, या सर्वांना हाच रस्ता. गळिताच्या हंगामात त्यात उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांची आणि बैलगाड्यांची भर पडते. अशा रस्त्यांवर ‘वाहने सावकाश हाका’ ही पाटी वर्षानुवर्षे लावली जाते. परंतु जी पाटी सर्वांना एकच गोष्ट सांगते, ती खास आपल्याला सांगते आहे असे कोणालाच वाटत नाही.

रडारच्या साहाय्याने वेग दाखविणारा फलक याच बाबतीत निराळा आहे. समोरून येणाऱ्या वाहनाला तो त्याचाच वेग ठळक, प्रकाशमान अंकांत दाखवितो. शिटी वाजवीत येणारी आगगाडी जवळ येताना तिचा आवाज अधिक तीक्ष्ण भासतो आणि गाडी पुढे गेली की उतरतो. या चमत्काराचा उलगडा ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ डॉप्लर यांनी 1842 मध्ये केला. फलकातून निघालेल्या रेडिओलहरीही वाहनावर आदळून परततात, तेव्हा त्यांची कंपनसंख्या बदललेली असते; त्या फरकावरून वेग कळतो.

गाडीत वेगमापक असतोच, मग हा खर्च कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ भरधाव आलेल्या चालकाला गावात शिरताना साठाचा वेगही संथ वाटू लागतो, आणि वेगमापकाकडे त्याची दृष्टी वळत नाही. शिवाय फलकावरील आकडा रस्त्याकडेचे लोकही वाचतात. माणसाला दंडाइतकीच लाजही आवरते. अमेरिकेतील गार्डन ग्रोव्ह या शहरात 2003 मध्ये शाळांजवळ असे फलक लावले, तेव्हा वाहनांचा वेग सरासरी सुमारे 14 टक्क्यांनी उतरला. हा लाभ लहान नव्हे. ताशी 40 किलोमीटरऐवजी 80 ने धावणाऱ्या गाडीला ब्रेक दाबल्यावर थांबण्यास दुप्पट नव्हे, सुमारे चौपट अंतर लागते. मधे एखादे मूल आले, तर तेवढे अंतर कोठून आणावयाचे?

अर्थात, ज्याने बेदरकारपणा करावयाचे ठरविलेच आहे, त्याला आरसा दाखवून काय उपयोग? त्याच्यासाठी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आहेत तसे वेग टिपणारे कॅमेरे आणि दंडच हवेत. फलक आहे तो विसरणाऱ्यांसाठी, आणि विसरणारेच अधिक असतात. मात्र पावलोपावली फलक लावले, तर त्यांचीही जुनी पाटी होईल. बिघडून खोटा आकडा दाखविणारा फलक तर नसलेलाच बरा. एकदा हसू झालेल्या फलकाकडे पुन्हा कोणी पाहणार नाही.

राहुरीत असा फलक लावावयाचा झाल्यास तो शाळेच्या दारात नव्हे, तर दारापूर्वी बऱ्याच अंतरावर, वाहन सावकाश होण्यास अवसर मिळेल अशा ठिकाणी असावा. आणि उसाच्या ट्रॉलीआड झाकला जाणार नाही, इतका उंच.