संरक्षणाची किंमत

काजार बादशाहीतल्या इराणात ज्यू आणि जरथुश्त्री सुखात होते, असे एका विद्वानांनी परवा डहाणूत सांगितले. जिझिया हा फक्त कर; त्याच्या बदल्यात संरक्षण आणि लष्करातून सूट. छळाच्या गोष्टी गोऱ्या प्रवाशांनी रचलेल्या. अग्याऱ्या नि सिनेगॉग टिकले, हा पुरावा. म्हणजे घोलवड-बोर्डीच्या चिकूवाल्या जरथुश्त्री इराण्यांचे पूर्वज यझद-केरमान सोडून आले ते सुखाला कंटाळून!

‘फक्त कर’ म्हणे. घरपट्टी भरली की आपण मोकळे होतो. यझदच्या जरथुश्त्र्याने जिझिया भरला तरी त्याला घोड्यावर बसायची मनाई होती. गाढवावर बसून चालला असता मुसलमान भेटला, तर खाली उतरायचे. अंगावर मळकट पिवळे कपडेच. ज्यूंना कित्येक गावांत पावसात बाहेर पडायची बंदी, कारण ओल्याचा विटाळ होतो. (हे वाचून आपल्याकडचे काही आठवले, तर आठवू द्यावे.) घरातल्या एकाने धर्म बदलला की भावंडांना डावलून वारसा त्याचा. हे कराच्या कुठल्या रकान्यात बसते? वस्ती आटली तरी कराचा आकडा आटेना, वर वसुलदारांची हातचलाखी. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातरियांना या लोकांचे हाल कमी करायला इराणला धाडले. जरथुश्त्र्यांवरचा जिझिया रद्द व्हायला १८८२ उजाडले. ‘फक्त’ करासाठी अठ्ठावीस वर्षे! त्यानंतरही, १८८८ मध्ये, इंग्रज अभ्यासक एडवर्ड ब्राउनला यझदमध्ये तेच पिवळे कपडे दिसले आणि घोड्याची मनाईही तशीच. हा गोरा जन्मभर इराणवर फिदा होता. तो बदनामी कशाला करील?

लष्करातली सूट: ज्याला घोडा वर्ज्य, त्याला घोडदळ माफ. काय औदार्य! मशहदच्या ज्यूंना तर १८३९ मध्ये असे संरक्षण लाभले की जीव वाचवायला धर्म सोडावा लागला.

मुसलमानांचे राज्य म्हणजे जुलूमच, असे म्हणत टाळ्यांसाठी हात उचललेल्या दुसऱ्या पंगतीनेही जरा थांबावे. जंजिऱ्याचे सिद्दीही मुसलमानच, आणि त्यांच्या मुलखात शनवार तेली, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवत, तेही उघडपणे. शिवाय ‘संरक्षण’ हा शब्द आमच्या डहाणू-तलासरी तालुक्यांना नवा नाही. वारली आमच्या आसऱ्याला आहेत, असे इथले जमीनदारही म्हणत. त्यांत इराणीही होते. लग्नाच्या कर्जापायी लग्नगडी वर्षानुवर्षे राबे. १९४५ मध्ये तलासरीतल्या झरीला जमलेल्या वारल्यांनी वेठ नाकारली, तेव्हा त्या आसऱ्याची किंमत चव्हाट्यावर आली.

राहता राहिला टिकलेल्या अग्याऱ्यांचा पुरावा. माझे म्हणणे एवढेच, की राज्य जोखायचे ते दुबळ्याला कुणाची परवानगी न घेता काय करता येत होते त्यावरून. यझदचा अग्नी विझला नाही, कारण गाढवावरून उतरवलेल्या माणसांनी त्यात लाकडे घातली. ते श्रेय शहाच्या खात्यावर कशाला?